बॅरिस्टरचं पत्र आणि कचेरीचा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचे निवृत्तीचे पैसे लंडनच्या कुणा 'बॅरिस्टर'च्या ई-मेलपायी गेले, हे बाहेर फुटल्यापासून आमच्या भागात दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'लोभ नडला'. दुसरं, 'जग फिरून आलेला माणूस, एवढंही कळू नये?' लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या कट्ट्यावर, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चर्चा इथे सुरू होते आणि इथेच संपते. मला ही चर्चा चुकीची वाटते, आणि तिनं नुकसान होतं असंही वाटतं. परदेशात वारलेल्या अनोळखी नातेवाइकाची संपत्ती तुमच्या नावावर करतो, असं सांगणाऱ्या पत्राला माणसं बळी पडतात ती केवळ लोभानं किंवा अज्ञानानं नव्हे. ते पत्र आपल्याकडच्या खऱ्या वारसाप्रकरणाची हुबेहूब नक्कल करतं म्हणून पडतात. न कळणारी भाषा, गोल शिक्का, काम व्हायच्या आधी भरायची फी, मध्ये एक जाणकार माणूस, आणि 'हे सध्या कुणाला बोलू नका' ही ताकीद. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कुठल्याही शेतकरी घराला यातलं काय नवीन आहे?

ते पत्र नीट वाचायला हवं. तुमच्याच आडनावाचा एक इंजिनिअर कुठल्याशा तेल कंपनीत होता, तो बायकामुलांसह अपघातात गेला, त्याच्या खात्यावर काही दशलक्ष पौंड पडून आहेत, वारस पुढे आला नाही तर अमुक मुदतीनंतर सगळी रक्कम सरकारजमा होईल. एवढा मजकूर झाला की कामाची भाषा सुरू होते. वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र, कोर्टाचा दाखला, रक्कम दहशतवादाशी संबंधित नसल्याचं प्रमाणपत्र, हस्तांतराचा कर. प्रत्येक कागदाला वेगळी फी, आणि पहिली फी मुद्दाम लहान. सुभेदारांनी या सगळ्या ई-मेलच्या प्रिंट काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या. त्याच पिशवीत शेताची पहाणी (कर्नाटकातला सातबारा) होती, वडिलांचा मृत्यूचा दाखला होता, वंशावळ होती आणि गेली कित्येक वर्षं चाललेल्या वाटणीच्या दाव्याच्या नोटिसा होत्या. मला ती पिशवी महत्त्वाची वाटते. त्यांच्या लेखी हे दोन वेगळे विषय नव्हतेच. एक काम बेळगावच्या कोर्टात अडकलं होतं, दुसरं लंडनच्या.

विरोधी बाजूत तथ्य आहे. लोभाचा मुद्दा सर्वांत जोरकस आहे, त्यामुळे आधी तोच घेतो. यातली कित्येक पत्रं उघडच सांगतात की तुम्ही खरे वारस नाही, पण आडनाव जुळतं, तेव्हा तुम्हाला वारस म्हणून उभं करू आणि रक्कम वाटून घेऊ. अशा पत्राला होकार देणारा माणूस एका खोट्यात सामील होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. फुकटचा पैसा नको असता तर त्यानं पत्र पुसून टाकलं असतं. मान्य. पण लोभ हेच कारण असेल तर ते सगळ्यांनाच लागू व्हायला हवं. लोभ कुणात नाही? जागेचा भाव वाढेल म्हणून गावाबाहेर एनए न झालेला प्लॉट घेणाऱ्यात नाही? जास्त व्याज मिळतं म्हणून बुडीत निघालेल्या पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्यात नव्हता? जी गोष्ट सगळ्यांत आहे, ती अमक्याच पत्राला अमकाच माणूस का फसला याचं उत्तर देऊ शकत नाही. शिवाय मार्च २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात एका वृद्ध दांपत्यानं 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवर अटकेची धमकी देणाऱ्यांच्या, जाचाला कंटाळून जीव दिला. त्यांना कुणी लाखोंचं आमिष दाखवलं नव्हतं. त्यांना भीती घातली होती. एका फसवणुकीत आमिष, दुसरीत धाक, आणि दोन्हींत समान काय? पलीकडचा माणूस सरकारी, कायदेशीर भाषेत बोलत होता आणि इकडच्यांना ती भाषा प्रश्न विचारण्याची वाटली नाही. आपण शोध इथे घ्यायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त शास्त्रीय आहे. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये एक प्रश्न मांडला होता : हे ठक इतकी हास्यास्पद, अशुद्ध, अतिरंजित पत्रं का पाठवतात? त्यांचं उत्तर असं, की ती मुद्दाम तशी असतात. पत्र पाठवायला खर्च जवळजवळ नाही, पण उत्तर देणाऱ्याच्या मागे आठवडेच्या आठवडे घालवावे लागतात. म्हणून शंकेखोर माणसं पहिल्याच ओळीला गळून जावीत आणि शेवटपर्यंत येतील तेवढीच हातात राहावीत, अशी ती चाळण आहे. यावरून आपल्याकडचे शहाणे निष्कर्ष काढतात की चाळणीत राहतात ते मूर्ख. हर्लींच्या मांडणीतून एवढंच निघतं, की राहतात ते विश्वास ठेवणारे. विश्वास ठेवायला माणसाकडे कारण असू शकतं. ज्याच्या आयुष्यात परदेश, बँक, कोर्ट, वारसा यांतलं काहीच कधी घडलं नाही, त्याला पत्र परीकथा वाटेल. ज्याचं अर्धं आयुष्य एखाद्या अडकलेल्या हक्कामागे गेलं आहे, त्याला ते उशिरा आलेलं उत्तर वाटेल.

इतिहास याच बाजूनं बोलतो. ही युक्ती ई-मेलच्या आधीची आहे, नायजेरियाच्याही आधीची. १९८० च्या दशकात तिथून टपालानं आणि फॅक्सनं पत्रं यायला लागली आणि त्या देशाच्या दंडसंहितेतल्या ४१९ कलमावरून या प्रकाराला नाव पडलं, म्हणून आपण सगळा दोष त्या एका देशावर टाकून बसलो. (आपल्या जुन्या भारतीय दंडसंहितेतही ४१९ हे तोतयेगिरीचंच कलम होतं. आता भारतीय न्याय संहितेत ते ३१९ झालं आहे.) पण फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर तुरुंगातले कैदी अशीच पत्रं लिहीत. सरदाराचा मी नोकर, पळताना धन पुरून ठेवलं, थोडा खर्च पाठवा म्हणजे जागा सांगतो. गुन्हेगार म्हणून सुरुवात करून पुढे पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झालेला विदोक याची नोंद आहे की शंभर पत्रांतल्या विसांना हमखास उत्तर येई. शंभरात वीस! फ्रेंच माणसं तेव्हा एकाएकी मूर्ख झाली होती का? त्या वर्षांत सरदार खरोखर पळत होते आणि धन खरोखर पुरलं जात होतं. त्या खोट्या पत्रांना खऱ्या उलथापालथीचा आधार होता. पुढे एकोणिसाव्या शतकात तीच कथा स्पेनच्या कैद्याच्या नावानं इंग्लंड-अमेरिकेत फिरली.

याहून बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या आयोवाचं आहे. ऑस्कर हार्टझेल नावाच्या माणसानं १९२० च्या दशकात सांगायला सुरुवात केली, की १५९६ मध्ये वारलेल्या सर फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीची अफाट इस्टेट इंग्लंडमध्ये तुंबून आहे, ती सोडवायच्या खर्चाला पैसे द्या, वारसा मिळाला की शेकडो पटींनी परत. अट एकच, की कुठे वाच्यता नको. हजारोंनी पैसे दिले. शेतीचे भाव कोसळले, बँका बुडाल्या, महामंदी आली, तशी वर्गणी थांबण्याऐवजी चालूच राहिली. १९३३ मध्ये त्याच्यावर खटला उभा राहिला तेव्हा याच लोकांनी त्याच्या वकिलासाठी पुन्हा वर्गणी काढली. सरकारच आपला वारसा दाबतंय, अशी त्यांची खात्री झाली होती. याला लोभ म्हणून भागेल? ज्या बँकेनं ठेव बुडवली आणि ज्या सरकारनं वाऱ्यावर सोडलं, त्यांच्यापेक्षा हार्टझेल त्यांना जवळचा वाटला. संस्थांवरचा विश्वास गेला की माणूस सगळ्यांवर अविश्वास दाखवायला लागतो असं नाही. कित्येकदा तो दूरच्या कुणाला तरी जवळ करतो.

आता आपल्याकडे या. 'वारस नाही म्हणून मालमत्ता सरकारजमा' हे वाक्य या मातीत कुणाला ऐकीव आहे? १८२४ मध्ये कित्तूरच्या गादीवर दत्तक घेतलेला मुलगा धारवाडच्या कलेक्टरनं, थॅकरेनं, मान्य केला नाही. संस्थान खालसा करायला निघालेल्या कंपनीशी राणी चन्नम्मा लढल्या, थॅकरे त्या लढाईत मारला गेला, आणि शेवटी राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत वारल्या. नरगुंदच्या भाव्यांचं १८५८ चं बंडही दत्तक नाकारल्यावरूनच पेटलं. या दोन गोष्टी आपण शौर्यकथा म्हणून सांगतो, आणि तशा त्या आहेतच. पण त्या वारसा नाकारल्याच्याही कथा आहेत. त्याच काळात इनाम कमिशननं दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांना सनदा दाखवायला लावल्या. कागद नाही तर इनाम नाही. १८५२ च्या कायद्यानं त्या तपासणीला पक्कं बळ दिलं. तेव्हापासून आपल्याकडे माडीवरच्या ट्रंकेत मोडी कागदांचे रुमाल जपून ठेवलेले असतात, वाचता येत नसले तरी. न वाचता येणारा कागदही एक दिवस जमीन मिळवून देईल किंवा घालवील, ही शिकवण आम्हाला कुठल्या ठकानं दिलेली नाही.

आणि परदेशातल्या बँकेत आपल्याकडचा पैसा? तीही दंतकथा नाही. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या बिदरच्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या खात्यातून दहा लाखांवर पौंड लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले, आणि ते त्या बँकेत सत्तर वर्षं अडकून राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयानं निकाल दिला तेव्हा रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास गेली होती आणि ती भारत सरकार व निजामाच्या वंशजांची ठरली. देशातलंच बघायचं तर सरकारी बँकांनी वर्षानुवर्षं कुणी न विचारलेल्या ठेवींचे सुमारे ३५ हजार कोटी रुपये फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केले होते. त्यात वारसांना पत्ताच नसलेली खाती असणार, हे उघड आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात. या भागातल्या घरांतून माणसं मेसोपोटेमियात, इटलीत लढायला गेली, पुढे आखातात आणि बोटींवर गेली. काही परतली नाहीत. तेव्हा 'दूर देशी कुणी आपला होता' हे वाक्य इथे कानाला खोटं लागत नाही. आडनावाचं तर बोलायलाच नको. देसाई, पाटील, कुलकर्णी ही मुळात वतनाची नावं. एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली हजारो घरं ती लावतात, आणि नेमकं हेच पत्र पाठवणाऱ्याच्या पथ्यावर पडतं.

पण माझ्या मते सगळ्यात खोल मुद्दा रोजच्या कारभाराचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर इथल्या मराठी माणसाच्या हातातले महसुली कागद हळूहळू कन्नडमध्ये आले. कित्येक कुटुंबांची जमीन आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. चंदगडकडे सातबारा, खानापूरकडे पहाणी. बाप वारला की एकाच घराची दोन राज्यांत, दोन भाषांत, दोन पद्धतींनी नोंद. अशा वेळी माणूस काय करतो? तालुक्याला जातो, बाँड रायटरसमोर बसतो, तो सांगेल तिथे सही करतो. कागदावर काय लिहिलंय हे विचारलं तर 'तुमचंच काम आहे, भरवसा ठेवा' असं उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा काम खरंच होतं! ही गोष्ट विसरू नका. न वाचता सही करणं, आधी पैसे देणं, पावती न मागणं, पुढच्या महिन्यात आणखी एक दाखला लागेल म्हटल्यावर तोही आणणं, यातूनच त्याला त्याची जमीन मिळालेली आहे. तीस-चाळीस वर्षं ज्या वागण्यानं काम झालं, तेच वागणं त्यानं लंडनच्या बॅरिस्टरशी केलं, तर त्याला बिनडोक म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून येतो?

गुप्ततेचंही तसंच. 'कुणाला सांगू नका' ही अट ऐकून पुण्या-मुंबईचा माणूस सावध होईल. इथे ती अट व्यवहारी वाटते. भाऊबंदांना कळलं तर हिस्सा मागतील, स्टे आणतील, ही भीती प्रत्येक घरानं अनुभवलेली आहे. ठकाला काही वेगळं शिकवावं लागत नाही. आणि एकदा लहान फी भरली की माघार कठीण होते. दिवाणी दाव्यात पंधरा वर्षं घालवलेल्या माणसाला 'आता एवढ्यावर कशाला सोडायचं' हा विचार मूर्खपणाचा वाटत नाही. त्यानं तो कोर्टाच्या आवारात हजारदा ऐकलेला असतो, वकिलांच्या तोंडूनही.

यावर कुणी म्हणेल, मग उपाय जनजागृतीचाच ना? हो, पण कसली? 'अनोळखी लिंक उघडू नका, आमिषाला बळी पडू नका' हे बँकेच्या भिंतीवर लावलेलं आहे. त्यातलं 'आमिष' आपल्याला आलेलं पत्रच, हे फसणाऱ्याला ओळखू येत नाही, कारण त्याच्या मते त्याला हक्क मिळतोय. त्याला खऱ्या वारसाप्रकरणाची माहिती हवी. भारतात मृताच्या मालमत्तेवरचा कर, इस्टेट ड्युटी, १९८५ मध्येच रद्द झाला. वारशाची रक्कम 'सोडवायला' आधी भारतातला वारसा कर भरा म्हणणारा इथेच उघडा पडतो. इंग्लंडमध्ये बेवारस मालमत्तांचं काम तिथलं सरकारच बघतं. आडनाव जुळून तिथे काहीही होत नाही, जन्म-विवाहाच्या दाखल्यांनी नातं शाबीत करावं लागतं. वारस शोधून देण्याचा धंदा करणारी खरी माणसं मिळालेल्या रकमेत टक्केवारी घेतात, न मिळालेल्या रकमेवर फी उकळत नाहीत. रिझर्व्ह बँक कुणा खासगी माणसाचं खातं ठेवत नाही आणि तुमचे पैसे आमच्याकडे आलेत असं पत्रही पाठवत नाही. उलट, आपल्या आजोबांची विसरलेली ठेव खरंच कुठे आहे का हे बघायचं असेल, तर तिनं ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'उद्गम' पोर्टलवर ते फुकट शोधता येतं. ही पाच वाक्यं ज्याला ठाऊक आहेत, त्याच्यापुढे बॅरिस्टर टिकत नाही. मला सांगा, आपल्या किती ग्रामपंचायतींत ती मराठीत लावलेली आहेत?

'जबाबदारी शेवटी ज्याची त्याची' हा तिसरा आक्षेप मी सहज झटकणार नाही. सुभेदारांनी मुलाला विचारलं असतं तर पैसे वाचले असते, हे खरं. पण त्यांनी का विचारलं नाही, हेही बघा. ज्या गावात फसलेल्याची वर्षभर टिंगल होते, तिथे शंका आलेला माणूस ती बोलून दाखवत नाही. आणि इथे वेळेला किंमत आहे. पैसे गेल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला, तर बँकांच्या साखळीत ती रक्कम पुढच्या खात्यावर जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. तासांचा प्रश्न असतो. लाजेनं माणूस महिनाभर गप्प बसतो आणि तोवर पैसे कुठल्या कुठे गेलेले असतात. मग काही महिन्यांनी दुसरा फोन येतो : आम्ही सायबर खात्यातून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवून घ्यायची फी भरा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. एकदा फसलेला आणि कुणाला न सांगितलेला माणूस त्यांना सगळ्यात सोपा. 'लोभी' हा आपला शेरा त्याला या दुसऱ्या फोनसमोर एकटं सोडतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कचेरीत), तहसीलदार कार्यालयात आणि उपनिबंधकांच्या दारात वारसा नोंदीची पद्धत, लागणारे कागद आणि प्रत्येकाची अधिकृत फी कन्नडच्या शेजारी मराठीत ठळक लावा. तिथेच १९३० क्रमांक आणि वर सांगितलेली माहिती द्या. सायबर गुन्ह्यांसाठी असलेल्या सीईएन पोलीस ठाण्यात मराठीत तोंडी सांगितलेली तक्रार लिहून घेणारा आणि ती तक्रारदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवणारा एक माणूस बसवा. यावर लगेच 'सीमावाद उकरून काढताय' असं म्हटलं जाईल, म्हणून स्पष्ट लिहितो. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती जिथे पंधरा टक्क्यांवर आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशपातळीवर फार पूर्वीच मान्य झालेलं तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचा निकाल काहीही लागो, त्याची वाट बघायचं इथे कारण नाही. बैलहोंगल-सौंदत्तीच्या कन्नड शेतकऱ्यालाही लंडनहून आलेलं इंग्रजी पत्र तितकंच परकं असतं आणि त्याच्याही पिशवीत वाटणीच्या दाव्याच्या नोटिसा असतात. फीचा फलक त्याच्याही कामाचा आहे, आणि कचेरीत आज तो कुठल्याच भाषेत धड वाचता येईल असा लावलेला नाही.